बाळाची शू सगळे मोजतात. आईची?

पोस्ट लांब आहे. आणि विषय असा आहे की चार माणसांत बोलताना आपण आवाज खाली करतो. म्हणून आधीच सांगतो, बायकोला विचारून लिहितोय. तिने सगळी पोस्ट वाचलीये आणि एके ठिकाणी माझी चूकही काढलीये. ती चूक शेवटी सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

एरवी मी इथे एसटी स्टँडसमोरच्या खड्ड्यांवर, तीन दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर, तुंबलेल्या गटारांवर लिहितो. आज लघवीवर लिहितोय. 'हा काय सार्वजनिक प्रश्न झाला का?' असं ज्यांना वाटेल त्यांनी फक्त शेवटपर्यंत वाचा, मग बोलू.

आठ महिन्यांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. बायकोने रात्रभर कळा काढल्या, पण बाळाचं डोकं खाली सरकेना. शेवटी सकाळी साडेदहाला सिझर झालं. बाळ रडलं, मी पेढे आणायला धावलो, सगळं ठीक. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. सरकारी होतं की खासगी, तेही नाही. नाव लिहिलं की कमेंटमध्ये त्या हॉस्पिटलच्या बाजूचे आणि विरोधातले एकमेकांना भिडतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. शिवाय त्याच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी माझी बायको आणि मुलगी दोघींना सुखरूप बाहेर काढलंय, हेही मी विसरलेलो नाही.

सिझर करताना लघवीची नळी घालतात, कॅथेटर म्हणतात तिला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काढली. 'आता उठा, थोडं चाला, बाथरूमला जाऊन या,' असं सांगितलं. सगळीकडे असंच सांगतात आणि ते बरोबरच आहे.

वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत. आत बायकोसोबत सासूबाई होत्या, मी बाहेरच्या बाकड्यावर. पण काम मला होतंच. बाळाने किती वेळा शू केली, शी केली, दूध किती वेळ ओढलं, हे लिहून ठेवा असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं. सासूबाई दारापर्यंत येऊन सांगायच्या, मी मोबाईलमध्ये लिहायचो. ती नोंद अजून आहे माझ्याकडे. पहाटे ५.१० शू. सकाळी ९.४० शी, काळी. दुपारी १.२० शू. संध्याकाळी ६ शू. माझी आई फोन करून विचारायची, बहीण विचारायची, पुण्याची मावशी विचारायची, 'बाळाने शू केली का?' एका दिवसाच्या जिवाच्या शूची खबर चार गावांत होती.

त्याच दिवशी, त्याच खाटेवर, बाळाच्या आईला सकाळी सातपासून नीट लघवीच झालेली नव्हती. त्याची नोंद माझ्या मोबाईलमध्ये नाही.

दहाच्या सुमारास ती बाथरूमला जाऊन आली. बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला, भारतीय पद्धतीचं, फरशी ओली, कडी तुटलेली. पोटावर ताजे टाके असलेल्या बाईने तिथे उकिडवं कसं बसायचं? एका हाताने दार धरून, अर्धवट वाकून तिने प्रयत्न केला. थेंब थेंब आली. ती परत आली. राउंडला आलेल्या सिस्टरनी विचारलं, 'लघवी झाली ना?' 'हो' असं उत्तर गेलं. केसपेपरवर तशी नोंद झाली. तिथून पुढचे अकरा तास त्या एका 'हो'वर गेले.

दोन वाजता सिस्टरांची ड्यूटी बदलली. नव्या सिस्टरनी कागद बघितला, लघवी झालेली आहे, प्रश्न मिटला. तीनला ओटीपोटात दुखायला लागलं. 'गॅस असेल, चाला थोडं.' दुखणं वाढलं तशी दुखण्याची गोळी दिली. सासूबाई म्हणाल्या, 'पोट फाडलंय, दुखणारच की.' वर त्यांनी पाणी कमी केलं, कारण आपल्याकडे अजून समज आहे की बाळंतिणीने फार पाणी प्यायलं की टाके पिकतात. बायकोलाही ते बरंच वाटलं. पाणी कमी म्हणजे त्या बाथरूमला जायला नको.

पाच वाजता तिने मला फोन केला. पंधरा पावलांवर होती, पण मध्ये दार होतं. म्हणाली, 'अहो, पोटात खाली दगड ठेवल्यासारखं वाटतंय. आणि खोकलं की कपडे ओले होतायत. लाज वाटतेय सांगायला.'

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. 'अगं सिझर झालंय, दुखणारच. डॉक्टर बघतायत ना? टेन्शन घेऊ नको.' आणि मग विचारलं, 'बाळाने शू केली का?'

हॉस्पिटलचं काय चुकलं ते पुढे लिहितोच आहे. त्याआधी माझं काय चुकलं ते हे.

रात्री आठला ड्यूटी बदलली. रात्रपाळीच्या सिस्टर वयाने मोठ्या, रिटायरमेंटला आलेल्या. नऊच्या आसपास त्या खाटेजवळ आल्या आणि कागद न बघता चादर बाजूला करून पोटावर हात ठेवला. टाक्यांच्या वर, बेंबीपर्यंत, घट्ट गोळा. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

'ताई, शेवटची लघवी कधी झाली? किती झाली? धार लागली होती की थेंब थेंब?'

बायको रडायलाच लागली. म्हणाली, सकाळपासून धार लागलेलीच नाही.

मला चिठ्ठी मिळाली, मेडिकलमधून कॅथेटर आणि युरोबॅग आणा. धावत जाऊन आणली. ड्यूटीवरच्या डॉक्टर आल्या, नळी घातली. नंतर मला दोन मिनिटं आत सोडलं तेव्हा खाटेला लावलेली पिशवी दिसली. पिशवीवर आकडे छापलेले असतात. ११५० मिलिलीटर. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मावतं, तेवढ्यात जोराची लागते. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि ते कपडे ओले होत होते, ती काही लघवी 'होत' नव्हती. टाकी काठोकाठ भरली की वरून सांडते, तसं सांडत होतं.

नळी आणखी पाच दिवस ठेवावी लागली. घरी आल्यावर तीन आठवडे तिला लघवीची जाणीवच नीट होत नव्हती, घड्याळ लावून दर तीन तासांनी जायची. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही आत बरीच शिल्लक दिसायची. बाळ रात्री झोपलेलं असायचं आणि आईचा मोबाईल वाजायचा, उठ, बाथरूमला जा. आता बरी आहे. पण ते तीन आठवडे टळण्यासारखे होते, म्हणून ही पोस्ट.

नंतर मी ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे जाऊन बसलो आणि मिळेल ते वाचलं. समजलं ते सोप्या भाषेत मांडतो.

सिझरनंतर लघवी अडणं ही अनोखी गोष्ट नाही. गरोदरपणात मूत्राशय आधीच थोडं सैल झालेलं असतं. कमरेत जे भुलीचं इंजेक्शन देतात त्याने पायांसोबत मूत्राशयाच्या नसाही बधिर होतात, आणि पाय हलायला लागले तरी मूत्राशय जागं व्हायला जास्त वेळ घेतं. दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलं असेल तर त्यानेही लघवी अडते. आमच्यासारखं आधी तासन् तास कळा देऊन मग सिझर झालं असेल, तर बाळाच्या डोक्याने मूत्राशय दाबलेलं, सुजलेलं असतं. वर टाक्यांचं दुखणं. त्यात सलाईन चालू असतं आणि बाळंतपणानंतर शरीरात साठलेलं पाणीही लघवीवाटे बाहेर पडायला लागतं. म्हणजे भरण्याचा वेग जास्त आणि रिकामं करायची ताकद कमी.

मूत्राशय हा स्नायू आहे. फार वेळ ताणला की रबर सैल पडावं तसं होतं, पुन्हा आकसायला दिवस, कधी आठवडे लागतात. काही बायकांना हा त्रास पुढे कायमचा राहतो. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं, त्याला नीट आकसू देत नाही, आणि त्याने रक्तस्राव वाढू शकतो. म्हणजे हा नुसता 'अवघडल्यासारखं होतं' एवढ्यावर सोडायचा विषय नाही.

मग ओळखायचं कसं? वैद्यकशास्त्रात साधी मुदत ठरलेली आहे. नळी काढल्यापासून सहा तासांत स्वतःहून लघवी झाली नाही, तर लघवी अडली असं समजायचं आणि पुढची पावलं उचलायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्येही बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत लघवी झाल्याची नोंद करा असं आहे. दुसरा प्रकार लपलेला. लघवी होते, पण नंतर आत १५० मिलिलीटर किंवा त्याहून जास्त शिल्लक राहते. हा प्रकार बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप सुटतो, पण लक्ष ठेवावं लागतं.

आमच्याकडे सकाळी सातला नळी काढली. घड्याळ चालू असतं तर दुपारी एकला घंटा वाजली असती. वाजली रात्री नऊला.

कोणी म्हणेल, मग नळी तीन-चार दिवस ठेवा की! तर ते नाही. नळी जास्त ठेवली की लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो आणि बाई खाटेलाच खिळून राहते. ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेच्या मार्गदर्शनात बाई हिंडू-फिरू लागली की नळी काढा असं आहे, फक्त भुलीच्या औषधाचा शेवटचा डोस दिल्यापासून बारा तास होऊ द्या. नळी लवकर काढणं चांगलंच. पण काढल्यानंतर कोणीतरी बघायला हवं.

आता हा सार्वजनिक प्रश्न का, ते सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली होती. त्याआधीच्या फेरीत २०.१ टक्के होती. म्हणजे त्या फेरीत साधारण दर चौथी बाळंतीण सिझरची होती. सिझर इतकी वाढावीत का, हा वेगळा वाद, तो पुन्हा कधीतरी. पण झालेल्या प्रत्येक सिझरमध्ये एक नळी घातली जाते आणि कधीतरी काढली जाते. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत.

सरकारने यात काही केलंच नाही असंही नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझर मोफत आहे, औषधं मोफत, सात दिवसांपर्यंत जेवण मोफत. २०१७ पासून 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आहे, प्रसूतीकक्ष आणि तिथल्या ऑपरेशन थिएटरचा दर्जा सुधारण्यासाठी. त्याचा फरक पडलाय, ज्यांनी जुने लेबर रूम बघितलेत ते सांगतील. पण बाई थिएटरमधून वॉर्डात आली की आपल्या सगळ्यांच्या मनात बाळंतपण 'झालं' असतं. लक्ष बाळाकडे जातं. डॉक्टरांचं, नातेवाइकांचं, बाळाच्या बापाचंसुद्धा.

मी दोन महिन्यांनी त्या हॉस्पिटलमध्ये परत गेलो. भांडायला नाही. तिथल्या इन्चार्ज सिस्टरना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'दादा, एका ड्यूटीला दोन सिस्टर, तीस खाटा, तीस बाळं. म्हणजे साठ पेशंट. प्रत्येकीच्या मागे मी कधी फिरू?' हे खोटं नाही. सिस्टरांची पदं भरा ही मागणी आपण आधीही केलीये, पुन्हा करू. पण पदं भरेपर्यंत काय?

मॅडमनी मला एक पद्धत सांगितली होती. दिल्लीच्या एम्सने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून आपल्याकडच्या रुग्णालयांसाठी तयार केलेली, 'पॉईंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट' म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी. एकच अडचण निवडा. ज्यांना रोज ते काम करावं लागतं त्यांचीच छोटी टीम करा. आधी मोजा, किती वेळा चुकतंय. मग एक छोटा बदल थोडे दिवस करून बघा. जमला तर ठेवा, नाही जमला तर दुसरा. नवी इमारत नको, मोठं टेंडर नको.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'नवीन रजिस्टर दिलंत तर कोणी भरणार नाही. आहे त्या कागदावर होईल असं काहीतरी सांगा.' मग त्यांनीच सुचवलं, शिक्का. तहसील कचेरीबाहेर जो शिक्के बनवून देतो त्याच्याकडून मी एक रबरी शिक्का करून आणला. त्यावर चार ओळी आहेत.

नळी काढली, वेळ.
सहा तास केव्हा पूर्ण, वेळ.
पहिली लघवी, वेळ आणि मिलि.
दुसरी लघवी, वेळ आणि मिलि.

नळी काढताना केसपेपरवर शिक्का मारायचा आणि पहिल्या दोन ओळी लगेच भरायच्या. ड्यूटी बदलताना ज्यांच्या खालच्या ओळी रिकाम्या आहेत त्यांची नावं तोंडी सांगायची. मोजायला आकडे छापलेले प्लास्टिकचे मग आणले. मुदत संपली आणि ओळ रिकामी असेल, किंवा लघवी अगदीच थोडी झाली असेल, तर पोट हाताने बघायचं, डॉक्टरांना बोलवायचं, गरज पडली तर सोनोग्राफीत शिल्लक बघायची. शिल्लक मोजायचं छोटं मशीन येतं, बॅटरीवर चालतं, पण ते महाग. ते नसलं म्हणून अडत नाही. आमच्या बाबतीत एका अनुभवी हाताला कळलंच की.

एका वॉर्डात, एक महिना, एवढंच ठरलं. महिना संपल्यावर मी पुन्हा गेलो. शिक्का सगळ्या कागदांवर नव्हता. रात्रीच्या ड्यूटीत मारला जायचा, सकाळच्या गर्दीत सुटायचा. पण शिक्क्याची शाई वाळलेली नव्हती, म्हणजे वापरात होता. आणि बाथरूमला कडी बसली होती. कडी मी सांगितलीच नव्हती. मोजायला लागल्यावर सिस्टरांच्याच लक्षात आलं की बायका आत जायला का टाळतात.

आता तुम्हाला करता येण्यासारखं.

सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. तुमच्यातले काही जण, काहींच्या ओळखीचे, तिच्यावर आहेत. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. सिझरच्या वॉर्डात मोजायचे मग, नळी काढल्यावर सहा तासांची नोंद, आणि एक तरी कमोड असलेलं, कडी लागणारं, कोरडं बाथरूम. खर्च किरकोळ आहे. खासगी हॉस्पिटलवाल्यांना समितीची वाट बघायचीही गरज नाही.

आणि घरात कोणाचं सिझर होणार असेल, तर आत्याबाई, मावशी, सासूबाई, आणि हो, नवरे मंडळी, हे लक्षात ठेवा.

१) नळी किती वाजता काढली ते विचारा आणि मोबाईलमध्ये बाळाच्या शूच्या नोंदीवरच लिहा.
२) तिथून सहा तास मोजा. एवढ्या वेळात नीट धार लागून लघवी झाली नाही तर सिस्टरना सांगा. दुखत नसलं तरी सांगा.
३) थेंब थेंब होणं, खोकल्यावर कपडे ओले होणं, ओटीपोट घट्ट लागणं, याला 'झाली' म्हणू नका.
४) पाणी तोडू नका. टाके पाण्याने पिकत नाहीत. ती पाणी टाळत असेल तर आधी बाथरूम कसं आहे ते जाऊन बघा.
५) दुखत असेल तर दुखण्याचं औषध मागा. दुखऱ्या पोटाने लघवी सुटत नाही.

शेवटी, बायकोने काढलेली चूक.

मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'सिस्टरनी तिला विचारलं, लघवी झाली ना? ती लाजून हो म्हणाली.' तिने ते वाचलं, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, 'मला विचारलंच नव्हतं. सिस्टरनी आईला विचारलं. आईने मला बाथरूममधून येताना बघितलं होतं, ती हो म्हणाली. मी बाळाला पाजत होते. मला पहिल्यांदा कोणी विचारलं असेल तर रात्री नऊ वाजता.'

म्हणून वर ते वाक्य बदललंय. 'हो असं उत्तर गेलं,' असं लिहिलंय.

कमेंटमध्ये हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ज्या ताई-वहिनींना असा अनुभव आलाय आणि इथे लिहायला संकोच वाटतो, त्यांनी बायकोच्या प्रोफाइलवर मेसेज करा, ती वाचेल. पोस्ट शेअर करायला माझं नाव ठेवायची गरज नाही. ते पाच मुद्दे तेवढे राहू द्या.